जुन्या गाडीची तेलगळती आणि मिसफायर : लातूरच्या अंगणातील कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार

गाडी २००१ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल सेडान आहे. इंजिन १.३ लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे आणि एकाच कॅमशाफ्टचे आहे. पेट्रोल इंजेक्टरमधून येते, पण ठिणगी अजून जुन्या पद्धतीने डिस्ट्रिब्युटरमधून वाटली जाते. आज मीटरवर १,४८,२३० किलोमीटर आहेत. गाडी अण्णांनी घेतलेली आहे, तेवीस वर्षे त्यांनीच चालवली आहे आणि ती विकण्याचा विचार आमच्या घरात कोणी केलेला नाही.

गाडी रात्रभर उभी राहिली की गिअरबॉक्सच्या सांध्याखाली फरशीवर तळहाताएवढा डाग पडतो. औशाच्या रस्त्यावरून येऊन बोनेट उघडले की जळक्या तेलाचा वास येतो. गरम इंजिन सिग्नलला उभे असताना स्टिअरिंग थरथरते आणि चढावर पिकअप दिला की गाडी मध्येच अडखळते, म्हणजे मिसफायर होतो, एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल नीट पेटत नाही. मागच्या महिन्यात एका गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेऊन खालून पाहिली गेली आणि इंजिनाचे मागचे मोठे सील गेले आहे, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मजुरीसह अठरा हजार होतील, असे आम्हांला सांगण्यात आले. ते निदान बरोबर असेलही, परंतु इतके मोठे काम काढण्याआधी तेल नेमके कोठून सुटते आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे मला वाटले. म्हणून या नोंदी सुरू करतो आहे.

अण्णांची पेट्रोलची वही या कामात फार उपयोगी पडणार आहे. प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, त्या वेळचे किलोमीटर आणि वरून घातलेले इंजिन ऑइल त्यांनी निळ्या शाईने ओळीने लिहून ठेवले आहे. २०१९ पर्यंत दोन ऑइल बदलांच्या मधे तेल घातल्याची एकही नोंद नाही. २०२१ मध्ये अर्धा लिटर, मग पाऊण लिटर, आणि गेल्या दिवाळीनंतर दर अकराशे किलोमीटरला एक लिटर, अशी ती वाढत गेली आहे. म्हणजे दोष एका दिवसात उद्भवलेला नाही. रबर म्हातारे होते तसा तो हळूहळू वाढला आहे.

अण्णा खुर्चीवर बसून इंजिन ऐकत होते. ते म्हणाले, "उभी असताना तिची एक लय आहे अन् चढावर दुसरीच आहे. दोन्ही एक नाहीत, बघ तू." हे वाक्य त्यांच्या शब्दांत लिहून ठेवतो.

१४ एप्रिल, रविवार

आज जयंतीमुळे बाजार बंद होता, म्हणून दिवसभर फक्त सफाई केली. तेलाने माखलेल्या इंजिनावर गळती शोधणे म्हणजे चिखलात पाऊलखुणा शोधणे आहे. तेल वाऱ्याने मागे उडते, सांध्यासांध्यातून पाझरत खाली उतरते आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यावर थेंब होऊन लोंबते. जॅकखाली झोपून पाहणाऱ्याला तो शेवटचा थेंब तेवढा दिसतो. आमच्या गल्लीतले चाचा चाळीस वर्षे मिस्त्रीकाम करून आता घरी असतात. ते सकाळी येऊन बसले आणि म्हणाले, "तेल वरून खाली येतं, खालून वर जात नाही. ओलं कुठवर आहे ते बघू नका, कोरडं कुठून सुरू होतं ते बघा."

प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतले नाही. एक तर पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये आणि कनेक्टरमध्ये शिरले की नसलेला मिसफायर तयार होतो आणि निदानाचा गोंधळ होतो. दुसरे म्हणजे, ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात एप्रिल महिन्यात बोनेटखाली शेकडो लिटर पाणी ओतायला हात धजत नाही. थोडे डिझेल, जुना रंगाचा ब्रश, दात घासायचा ब्रश आणि चिंध्या एवढ्यावर काम केले. ब्रशने मळ भिजवला, दहा मिनिटे थांबलो, पुसला, पुन्हा भिजवला. असे चार वेळा केल्यावर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेवरचे लाल सिलिकॉन उघडे पडले. कोणीतरी पूर्वी पॅकिंग न बदलता वरून सिलिकॉनचा लेप दिला होता. शेवटी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने डिझेलचा अंश काढला, कारण तो राहिला तर गरम इंजिनावर धूर होतो आणि आगीचाही धोका असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर कामाआधीच काढून ठेवली होती.

२० एप्रिल, शनिवार

सकाळी कोरड्या इंजिनावर साधी टाल्कम पावडर मऊ ब्रशने उडवली. टॅपेट कव्हरची कड, डिस्ट्रिब्युटरची बैठक, गिअरबॉक्सचा सांधा, ऑइल चेंबरची (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याची) कड आणि पुढच्या पुलीच्या मागचा भाग असा सगळीकडे पांढरा थर दिला, पट्ट्यांवर मात्र पडू दिला नाही. मग औशापर्यंत जाऊन परत आलो, एकूण चाळीस किलोमीटर. घरी येताच इंजिन बंद करून टॉर्च घेतला.

डिस्ट्रिब्युटर जिथे सिलिंडर हेडमध्ये बसतो, त्या गोल सांध्याच्या बरोबर खालून पावडरीत बोटाएवढ्या रुंदीची काळपट वाट पडली होती. ती हेडच्या बाजूने उतरून गिअरबॉक्सच्या माथ्यावर पसरत होती आणि तिथून इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यात शिरत होती. त्या वाटेच्या वर पावडर जशीच्या तशी पांढरी होती. दुसरा ओघळ टॅपेट कव्हरच्या समोरच्या कडेवरून एक्झॉस्टच्या बाजूला उतरत होता, आणि जळक्या तेलाचा वास येत होता तो याचाच. चेंबरची कड कोरडी होती. पुढच्या पुलीमागे किंचित ओल होती, थेंब नव्हता.

ज्या मोठ्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायचा होता, ते दोषी नाही असे आज तरी वाटते. त्या सीलमधून गळणारे तेल सांध्याच्या आतून, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, उंचीवरून खाली येते, तर आमचे तेल त्याच सांध्यात वरून शिरत होते. थेंब एकाच जागी पडत असल्यामुळे खालून पाहणाऱ्याची गल्लत होणे शक्य आहे.

२१ एप्रिल, रविवार

आज प्लग पाहिले. या इंजिनात प्लग हेडच्या मध्यभागी खोल नळकांड्यांत बसतात आणि त्या नळ्या टॅपेट कव्हरमधून वर येतात. कव्हर आणि नळी यांच्यामध्ये गोल रबरी सील असते. ते कडक झाले की टॅपेटवर उडणारे तेल नळीत उतरते आणि प्लगभोवती साचते. बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणून ही गळती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

एक आणि चार क्रमांकांच्या एचटी लीड, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधून प्लगकडे ठिणगीची वीज नेणाऱ्या वायरी, कोरड्या निघाल्या. दोन क्रमांकाची लीड ओढली तेव्हा चुळकन आवाज आला आणि तिचा लांब रबरी बूट मधाच्या बाटलीत बुडवलेल्या चमच्यासारखा तेल निथळत बाहेर आला. नळीत टॉर्च मारला तर प्लगचा षटकोनही दिसत नव्हता. तीन क्रमांकात दीड इंच तेल होते. असा प्लग लगेच खोलू नये, कारण चूडी सुटताच साचलेले सगळे तेल, आणि त्यासोबतची वाळू, सिलिंडरमध्ये उतरते. मी औषधाच्या सिरिंजला सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा जोडून तेल ओढून घेतले आणि लाकडी काडीला चिंधी गुंडाळून उरलेले टिपले. दोन नळ्यांमधून मिळून चहाचा अर्धा कप तेल निघाले.

दोन क्रमांकाच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालच्या लोखंडी कड्यापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. ती पुसून गेली नाही, नखाने खरवडूनही गेली नाही. बुटाच्या आत, त्याच बाजूला, तिची जोडीदार रेघ होती.

ही रेघ हाच त्या सिलिंडरच्या अडखळण्याचा पुरावा आहे आणि ती कशी तयार होते हे समजून घेण्यासारखे आहे. स्वच्छ तेल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे प्लग तेलात बुडाला म्हणून लगेच ठिणगी मरते असे नाही. परंतु तेलाने बुटाचे रबर फुगते, सैल होते आणि प्लगवरची त्याची पकड जाते. त्या फटीत धूळ आणि काजळी शिरते, आणि हजारो व्होल्टचा दाब प्लगच्या टोकाकडे जाण्याऐवजी बाहेरून, चिनी मातीवरून लोखंडापर्यंत उडी मारू लागतो. प्रत्येक उडी थोडा कोळसा मागे ठेवते आणि पुढच्या उडीची वाट सोपी करते. चढावर पिकअप दिला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला अधिक व्होल्ट लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरची वाट स्वस्त पडते. म्हणून सपाटीवर शहाण्यासारखी चालणारी गाडी चढावर अडखळते.

२३ एप्रिल, मंगळवार, रात्र

दिवे मालवून, अंधारात इंजिन चालू ठेवून लीडवर फुलझाडांच्या फवाऱ्याने पाण्याचा अगदी बारीक तुषार मारला. तीन क्रमांकाच्या बुटाशी निळसर ठिणगी दोनदा लवलवली आणि इंजिनाचा सूर त्याच क्षणी पडला. हात दूर ठेवूनच हे पाहिले. चारही लीडचा रोध मल्टिमीटरवर मोजला. सेवा-पुस्तिकेतली मर्यादा २५ किलोओहमची आहे आणि चारही वायर त्याच्या बऱ्याच आत भरल्या. म्हणजे वायरी आतून धड आहेत, बूट गेले आहेत. एकेकटे बूट मिळत नाहीत, तेव्हा पूर्ण संचच मागवला.

२८ एप्रिल, रविवार

टॅपेट कव्हरचे पॅकिंग, नळ्यांची चार सील, डिस्ट्रिब्युटरच्या सांध्यातली ओ-रिंग (गोल रबरी कडी), लीडचा संच आणि चार प्लग असे सामान पुण्याहून एस.टी. पार्सलने आले. एकट्या ओ-रिंगची किंमत चाळीस रुपये होती.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बैठकीवर आणि हेडवर मिळून व्हाइटनरची एक सरळ रेघ ओढली, कारण त्याचे बोल्ट लांबट खाचांत असतात आणि तो एक-दोन अंश जरी फिरला तरी ठिणगीची वेळ बदलते. त्याच्या दांड्याची चावी एका बाजूला सरकलेली असल्यामुळे तो उलटा बसू शकत नाही, एवढी सोय आहे. जुनी ओ-रिंग टोकदार काडीने उचलली. ती गोल राहिलीच नव्हती. हेडच्या भोकात तेवीस वर्षे दबून तिचा छेद चौकोनी झाला होता, नखाने दाबले तरी ठसा उमटत नव्हता आणि बोटांत वाकवताच ती वाळलेल्या बाभळीच्या शेंगेसारखी कट्कन मोडली. नवी ओ-रिंग इंजिन ऑइलचे बोट लावून बसवली. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत तेल नव्हते, याचे समाधान वाटले, कारण दांड्यावरचे आतले सील गेले असते तर काम वेगळे आणि मोठे झाले असते.

मग टॅपेट कव्हर. लाल सिलिकॉन काढायला सव्वादोन तास लागले. याविषयी मला मनापासून वाईट वाटले. पुस्तिकेप्रमाणे या कव्हरला सीलंट फक्त पॅकिंगच्या कोपऱ्यांवर, जिथे कॅमशाफ्टच्या टोकांच्या कमानी सपाट कडेला भिडतात तिथे, ठिपक्याएवढे लावायचे असते. कोणी ते सगळ्या कडेला फासले की जादा सिलिकॉन आतल्या बाजूला गाठोळ्या होऊन लोंबते, गरम तेलात सुटते आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसते. गळती बंद करण्यासाठी लावलेली वस्तू अशी इंजिनाचे तेलच अडवू शकते. मी प्लॅस्टिकच्या पट्टीने ते काढले. लोखंडी पट्टी वापरली असती तर ॲल्युमिनिअमच्या कडेवर ओरखडे पडले असते आणि नवे पॅकिंगही तिथूनच गळले असते. पडणारा प्रत्येक तुकडा टॅपेटवर अंथरलेल्या सुती धोतराच्या तुकड्यावर घेतला.

कव्हरच्या घुमटी नट मधल्यापासून सुरू करून बाहेर, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत आवळल्या. शेवटचा आवळ १० न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोराएवढाच आहे. टॉर्क रेंच चाचांच्या मुलाने दिला. गळते म्हणून कव्हर अधिक आवळण्याची आपल्याकडची सवय घातक आहे. त्याने पॅकिंग बाहेर ढकलले जाते आणि कव्हर कमानीसारखे वाकते. नवे प्लग १.१ मि.मी. फट तपासून, थंड हेडमध्ये आधी हाताने पूर्ण चूडी फिरवून, मग १८ न्यूटन-मीटरवर बसवले.

संध्याकाळी औसा रस्त्याच्या उड्डाणपुलावर चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम पिकअप दिला. गाडी अडखळली नाही.

७ मे, मंगळवार

सकाळी मतदान केले. अण्णांना गाडीनेच केंद्रावर नेले. रांगेतल्या लोकांना वाट देताना गाडी सहा-सात मिनिटे चालू अवस्थेत उभी राहिली आणि स्टिअरिंगची थरथर तशीच होती. अण्णा माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "ही पहिली लय. ती अजून गेलेली नाही."

मी दोन्ही तक्रारींना एकच कारण धरून चाललो होतो. तेल दिसले, त्याचा मिसफायरशी संबंध सिद्धही झाला, आणि म्हणून उरलेली थरथरही त्याच खात्यावर मांडली. चढावरची आणि उभ्या गाडीची अडखळ यांची वही आता वेगळी करतो.

१२ मे, रविवार

इंजिन पूर्ण गरम करून, उभ्या स्थितीत, एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून फेरे किती पडतात ते पाहिले. त्याआधी आयडलची, म्हणजे उभ्या गाडीतल्या मंद फेऱ्यांची, हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून ठेवला, नाहीतर संगणक लगेच हवा वाढवून पडलेले फेरे भरून काढतो आणि फरक कळत नाही. पुष्कळ जण या तपासणीसाठी चालू इंजिनाच्या एचटी लीड ओढतात. तसे करू नये. झटका बसतोच, शिवाय वाट न मिळालेला व्होल्टेज डिस्ट्रिब्युटरमधल्या इग्निशन मोड्यूलवर उलटतो, आणि तो भाग महाग आहे.

आयडल ७५० च्या आसपास होता. एक, दोन आणि तीन बंद केल्यावर प्रत्येकी शंभर-सव्वाशे फेरे पडले आणि इंजिन हलले. चार बंद केल्यावर जेमतेम वीस पडले. चौथा सिलिंडर उभ्या गाडीत जवळजवळ काम करीत नव्हता. त्याचा प्लग, लीड आणि नळी कोरडी व नवी होती. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही पोचत होते. उरले ते कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब.

चारही प्लग काढून, इंजेक्टर आणि ठिणगी बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला. एक क्रमांक १७८ पीएसआय, दोन १७५, तीन १७६ आणि चार १२८. चौथ्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजले तर १३२. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून आकडा चांगला वर गेला असता. तो गेला नाही, म्हणजे दाब पिस्टनच्या बाजूने नव्हे, व्हॉल्व्हमधून निसटतो आहे.

१८ मे, शनिवार

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या दादांकडे गाडी नेली. चौथा पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि हँडब्रेक ओढून, त्यांच्या कॉम्प्रेसरची हवा कॉम्प्रेशन गेजच्या नळीतून सिलिंडरमध्ये सोडली. दादांनी आजूबाजूच्या पोरांना गप्प केले. मी ऑइल भरायच्या तोंडाशी कान लावला, तिथे जुजबी फुसफूस होती. एअर फिल्टरच्या नळीत शांतता होती. सायलेन्सरच्या टोकाशी मात्र ओठ मिटून श्वास सोडावा तसा सलग सूं आवाज येत होता. दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा होता. आता प्रश्न एवढाच की व्हॉल्व्ह जळला आहे की नुसता पूर्ण मिटत नाही. पहिले असेल तर हेड उतरवावे लागेल, दुसरे असेल तर टॅपेट सेटिंगने, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा स्क्रू यांच्यातली फट नीट करून, काम होईल.

१९ मे, रविवार, पहाट

पुस्तिकेत लिहिले आहे की टॅपेटची फट हेडचे तापमान ३८ अंशांच्या खाली असतानाच मोजावी. लातुरात मे महिन्याच्या दुपारी सावलीतली हवाच त्या आकड्याच्या वर असते, म्हणून रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर पहाटे साडेपाचला काम सुरू केले. इनटेकची फट ०.१८ ते ०.२२ मि.मी. आणि एक्झॉस्टची ०.२३ ते ०.२७ मि.मी. असायला हवी.

इनटेकच्या आठही फटी मर्यादेत होत्या. एक्झॉस्टच्या पहिल्या तीन सिलिंडरांत ०.१८ ते ०.२० भरल्या, म्हणजे थोड्या तंग. चौथ्याच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हपैकी एकात फट मोजायची ०.१३ ची पाती कशीबशी गेली आणि दुसऱ्यात ०.०५ ची पातीही अडली. पाती दोन बोटांत धरून मी ती पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली, पण ती स्क्रूच्या तोंडाशीच थांबत होती. थंड अवस्थेत जिथे फट उरलेली नाही, तिथे गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबून तो आपल्या बैठकीवरून उचललेलाच राहतो. म्हणून थंड गाडीत थरथर कमी आणि गरम गाडीत जास्त होती. वेगात फेरे जलद असल्याने दाब निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून रस्त्यावर ती जाणवत नव्हती.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक वर्षानुवर्षे झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. टॅपेटचा आवाज वाढून नव्हे, तर कमी होऊन हे घडते, त्यामुळे इंजिन जितके मुके होईल तितके मालकाला बरे वाटते. त्यात आवाज आला की टॅपेट तंग करून देण्याची गॅरेजची पद्धत भर घालते. टॅपेटची हलकी, एकसारखी टकटक ही इंजिनाची तक्रार नसते, हे मला इथे ठामपणे लिहून ठेवायचे आहे. चाचाही हेच म्हणाले: "टॅपेट बोलत असलेलं बरं. गप झालं की व्हॉल्व्ह जळाया लागतोय समजा."

आठही एक्झॉस्ट ०.२५ वर बांधले. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून प्रत्येक फट आवळल्यानंतर पुन्हा मोजली. साडेआठपर्यंत कव्हर बसले. इंजिन गरम करून चौथ्याचे कॉम्प्रेशन घेतले तर १६५ आले. बाकीच्यांच्या बरोबरीचे नाही, पण हेड न उतरवता मिळालेले आहे. व्हॉल्व्ह वेळेवर वाचला.

अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून पाच मिनिटे बसून राहिले. डॅशबोर्डवर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात तरंग उठत होते, पण पाणी सांडत नव्हते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी खिशातून वही काढली.

२६ मे, रविवार

दोन क्रमांकाच्या नळीत पुन्हा ओल आहे. नवे सील बसवून चारच आठवडे झाले आहेत. सील उलटे किंवा वाकडे बसले असावे असे वाटून कव्हर पुन्हा उघडले, पण ते नीट बसलेले होते आणि मऊ होते. याचा अर्थ सील चांगले असूनही आतून कोणीतरी तेल ढकलते आहे.

पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये जातो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेकच्या ओढीने परत इंजिनात जाळला जातो. तो व्हॉल्व्ह तुंबला की वायूला वाट उरत नाही, आत दाब साचतो आणि प्रत्येक सील, प्रत्येक पॅकिंग आतून फुगवले जाते. दुधाच्या पिशवीचे पातळ प्लॅस्टिक ऑइल भरायच्या तोंडावर रबर बँडने बांधले आणि इंजिन आयडलवर सुरू केले. प्लॅस्टिक आत ओढले जायला हवे होते. ते तव्यावरच्या पुरणपोळीसारखे टम्म फुगले.

पीसीव्ही व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डच्या आडोशाला आहे, तिथे हात जायलाच अर्धा तास गेला. काढून कानाशी हलवला. आतला दांडा खटखट वाजायला हवा, पण तो मुका होता, आणि तोंडाशी गुळाच्या काकवीसारखा घट्ट, तपकिरी राप साचला होता. त्याची रबरी नळीही आतून मऊ पडून चिपकत होती. पहिल्या तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन उत्तम असल्यामुळे हा दाब झिजलेल्या रिंगांचा नाही, हे आधीच माहीत होते आणि त्या आकड्यांचा इथे दुसऱ्यांदा उपयोग झाला. नवा व्हॉल्व्ह आणि नवी नळी बसवली. तेच प्लॅस्टिक पुन्हा बांधले तर ते बशीसारखे आत खोलगट झाले.

अण्णांच्या वहीतला तेलाचा खप २०२१ पासून का वाढत गेला, याचे उत्तर बहुधा या लहानशा भागात आहे. ओ-रिंग आणि सील म्हातारी होतीच, पण त्यांना बाहेर ढकलणारा हात हा होता. आधी हे पाहिले असते तर पहिल्या कामानंतर नळीत पुन्हा तेल आले नसते. पुढे कोणी हे काम काढणार असेल, तर त्याने पॅकिंग मागवण्याच्या आधी दुधाच्या पिशवीची तपासणी करावी.

१६ जून, रविवार

काल तेल आणि फिल्टर बदलला. जुने तेल जाळीतून गाळले तेव्हा त्यात लाल सिलिकॉनचे मुगाएवढे तीन तुकडे मिळाले, म्हणून चेंबर काढून पंपाची जाळी पाहण्याचे काम यादीत घेतले आहे. आज अण्णांना घेऊन अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाऊन आलो. मीटरवर २८६ किलोमीटर झाले. लोह्याच्या पुढे रस्ता ओला होता आणि कापसाच्या लावणीसाठी शेते तयार होती. गाडी कुठेही अडखळली नाही.

घरी आल्यावर डिपस्टिक पाहिली. पातळी वरच्या खुणेपासून केसभरही हललेली नाही. चारही नळ्या टॉर्चने पाहिल्या, कोरड्या आहेत. पुढच्या पुलीमागची ओल मात्र किंचित वाढली आहे, ते क्रँकचे पुढचे सील आहे. टायमिंग बेल्ट पुढच्या सहा-सात हजार किलोमीटरमध्ये बदलायचाच आहे. त्या वेळी पुली निघालेलीच असेल, तेव्हा ते सील आणि कॅमशाफ्टचे सील एकदमच बदलीन.

रात्री गाडीखाली नवा कोरडा पुठ्ठा सरकवला आहे. अण्णांनी वहीत लिहिले: नांदेड, २८६ कि.मी., तेल घातले नाही.